मामंजींच्या मांडीवरची जागा

आमच्याकडे गाडी आली तेव्हा बिल्डिंगभर पेढे वाटले, बॉनेटवर हार चढवले, चाकांखाली लिंबं ठेवून चिरडली. पण गाडीत कोणी कुठे बसायचं यावर मात्र कोणी एक शब्द बोललं नाही. बोलायचं काय त्यात? चालवणारा स्टिअरिंगवर, घरातला वडीलधारा त्याच्या शेजारी पुढे, बायका मागे. आणि घरातलं सगळ्यात धाकटं, सगळ्यात लाडकं पोर वडीलधाऱ्याच्या मांडीवर, थेट काचेसमोर. त्या काळी मुलुंडमध्ये ज्यांच्या दारात गाडी होती त्या सगळ्यांकडे असंच बसायचे. रस्त्याने जाणारे हात करायचे, काचेमागचं पोर टाळ्या वाजवायचं, आणि सगळ्यांना कसं भरून यायचं.

गाडी सेकंडहँड होती. कुठल्या कंपनीची ते विचारू नका, तेव्हा रस्त्यावर दोन-तीन जातींच्याच गाड्या होत्या, त्यातली एक. मळकट पांढरी, पुढची सीट सलग सोफ्यासारखी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला चिकटलेला. पट्टेबिट्टे काही नाहीत. पट्टे विमानात असतात एवढं ऐकून होतो, आणि विमानात तरी आमच्यातलं कोण बसलं होतं!

आमचे हे मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये रीतसर शिकलेले, त्यामुळे तोरा काय विचारता. आरसा पुसायचे, बाहेर हात काढून ऐटीत वळायचे, आणि प्रत्येक सिग्नलला माझ्याकडे आरशातून बघायचे, बघ कसा थांबवला म्हणून. त्यांच्या शेजारी मामंजी, म्हणजे माझे सासरे. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, आणि मांडीवर आमचा धाकटा, दीड-दोन वर्षांचा गोळा. मागे मी आणि आमची मोठी, ती तेव्हा दुसरीत होती. पुढून मामंजींचा आवाज यायचा, "तो बघ ट्रक. तो बघ बैल." पोरगा बोट दाखवायचा आणि म्हातारा खूश व्हायचा.

दिवाळीत भाऊबीजेला आम्ही माझ्या भावाकडे निघालो होतो. आग्रा रोडवर भांडुपच्या अलीकडे एक हातगाडी अचानक आडवी आली. ह्यांनी ब्रेक दाबला. काही फार जोरात चाललो नव्हतो, खरं सांगते. पण मी मागून बघितलं. मामंजींच्या मांडीवरून पोरगं सुटलं आणि त्याचं कपाळ समोरच्या फळीवर टणकन आपटलं. आमची मोठी मात्र पुढच्या सीटच्या गुबगुबीत पाठीवर तोंडानं जाऊन आदळली आणि उठून म्हणाली, "आई, पप्पांना सांग ना, परत करा!"

धाकट्याला एक भलं मोठं टेंगूळ आलं, बाकी काही नाही. तो रडला, मग बिस्किट मिळाल्यावर गप्प झाला. भावाकडे पोचल्यावर सगळ्यांनी त्याला हातोहात घेतलं आणि जो तो एकच म्हणायला लागला. "नशीब बरं, आजोबांच्या मांडीवर होता म्हणून निभावलं." वहिनीने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मामंजी मान हलवत होते. "मी घट धरललंय म्हणान, नायतर काय झाला असता." हे म्हणत होते, "बाबा होते म्हणून बरं."

मी बसल्या जागी धुमसत होते. अरे, काय लोक आहात! मांडीवर होता म्हणून वाचला? मांडीवर होता म्हणूनच आपटला की! मागे बसलेलीला साधं खरचटलं नाही, हे कोणाला दिसत कसं नाही? पण माहेरच्या माणसांसमोर सासऱ्यांना काय बोलायचं? करंजी खाल्ली आणि गप्प बसले. गप्प बसणं मला झेपत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. परतीच्या वाटेवर भांडुप आलं आणि मी तोंड उघडलं.

"उद्यापासून बाळ मागे बसणार."

"का?" हे आरशातून म्हणाले. "माझ्या ड्रायव्हिंगवर विश्वास नाही?"

"तुमच्या ड्रायव्हिंगवर आहे हो. हातगाडीवाल्याच्या ड्रायव्हिंगवर नाही."

मामंजी मागे न वळता म्हणाले, "पोर माझ्या मांडयेर हा. तुका कसली काळजी? जल्मात माझ्या हातातून कधी सूत सुटूक नाय. पोर सुटतला?"

मामंजी सगळी नोकरी गिरणीत काढलेले. तुटलेला धागा चालत्या साच्यावर, म्हणजे मागावर, धरून गाठ मारायची, असं त्यांचं काम होतं म्हणे. हातांचा त्यांना अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. आताच तर सुटला होता ना, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मी ते गिळलं, कारण पोरगा त्यांच्या छातीवर डोकं टाकून झोपला होता आणि ते त्याच्या टेंगळावरून अंगठा फिरवत होते.

आता माझ्या नोकरीचं सांगायला हवं. मी एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. काचेच्या बाटल्या खोक्यात भरायच्या, खोकी ट्रकमध्ये चढायची, आणि लांबचा प्रवास करून आली की फुटक्या किती ते कळायचं. तिथे वर्षानुवर्षं राहून एक गोष्ट अंगात मुरली होती. फुटते ती कडेची. मधली, चारी बाजूंनी टेकलेली बाटली सहसा फुटत नाही. आणि मोकळी सुटलेली बाटली तर फुटणारच, तिला कोणी कितीही प्रेमाने ठेवलेली असो.

म्हणून एका शनिवारी दुपारी, हे झोपलेले असताना, मी किल्ली घेतली आणि मोठीला घेऊन खाली गेले. बंद गाडीत आम्ही मायलेकी एकेका जागेवर बसून बघितलं. पुढे बसवलं तर समोर नुसती लोखंडी फळी आणि काच. मागे खिडकीशी बसवलं तर पोरीचा हात लगेच दाराच्या दांड्यावर गेला. खटकन ओढला की दार उघडं! "अगं बाई," मी म्हटलं, "ही जागा बाद." मग पुढच्या सीटमागे उभी करून बघितली. ही तिची आवडती जागा, पुढे वाकून पप्पांच्या कानात बोलायला. उभं माणूस म्हणजे तर मोकळीच बाटली. शेवटी मागे मधोमध बसवली. पाठीला सीट, समोर पुढच्या सीटची गुबगुबीत पाठ, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला दप्तर.

"कसं वाटतंय?"

"बोअर," ती म्हणाली. "काही दिसत नाही."

"झकास. मग हीच जागा."

वरच्या गॅलऱ्यांतून लोक बघत होते. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "काय गं, गाडी चालू होत नाही का? धक्का मारायला पोरांना पाठवू?" मी हात हलवून हसले. काय सांगणार, की मी बाटल्या लावतेय म्हणून!

संध्याकाळी चहाबरोबर मी निकाल सांगितला. धाकटा मागे मधोमध, एका बाजूला मोठं माणूस, दुसऱ्या बाजूला मोठी, तिच्या दाराची खुंटी दाबलेली. हे पेपरमागे गेले. मामंजींनी कप खाली ठेवला आणि फक्त म्हणाले, "म्हंजे पोर मी आपटलंय, असा तुझा म्हणणा."

मी नाही नाही म्हटलं, पण ते उठून गॅलरीत गेले. नंतर हे मला आत बोलावून हळू आवाजात म्हणाले, "अगं, तुला कळत नाही का? बाबांना सव्वीस जानेवारीला चाळीत जायचंय."

मला ते माहीत होतं, पण त्याचा आणि सीटचा संबंध डोक्यात आला नव्हता. मामंजींचं सगळं आयुष्य घाटकोपरच्या टेकडीवरच्या चाळीत गेलं. चाळ सगळी कोकणातली, अर्धी त्यांच्याच गावची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. आमचं लग्न झालं, मुलुंडला ब्लॉक घेतला, मामंजींना घेऊन इकडे आलो. तेव्हा चाळीतल्या बायका जिन्यात उभ्या राहून एकमेकींशी मोठ्याने बोलल्या होत्या, म्हाताऱ्याच्या कानावर जावं म्हणूनच. आता याचं कसं होणार, मुलगा सुनेचा होणार, ब्लॉकमध्ये म्हाताऱ्याला कोपऱ्यात टाकतील, कोण विचारणार. मामंजींनी ते ऐकलं होतं आणि गाठीला बांधलं होतं.

दर सव्वीस जानेवारीला चाळीची सत्यनारायणाची पूजा असते. झेंडा, लाउडस्पीकर, शिरा, सगळी चाळ खाली जमलेली. त्या टेकडीवर टॅक्सीवाले चढायला नाही म्हणायचे. आणि मामंजींनी ठरवलं होतं की यंदा आपण गाडीने वर जायचं. लेक चालवतोय, आपण पुढच्या सीटवर, मांडीवर नातू. जिन्यात उभ्या राहून बोललेल्या सगळ्यांनी ते बघायचं. गाडी आली त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात हे एवढंच होतं.

आता बोला! एकीकडे माझं पोर, दुसरीकडे म्हाताऱ्या माणसाची अख्खी अब्रू. दोन्ही एकाच मांडीवर.

मी महिनाभर तरी वाद घातला असेन. गाडी काढली की तमाशा ठरलेलाच. मी पोराला मागे घ्यायची, तो पुढे झेपावून "आजो, आजो" करून आकांत मांडायचा, मामंजी हात पसरायचे, हे घड्याळ बघायचे, आणि शेवटी पोरगा पुढे. पुढे गेला की लब्बाड लगेच हसायचा. मी ओरडून सांगितलं, रडून सांगितलं, बाटल्यांचं सांगितलं. हे म्हणाले, "आपलं पोर म्हणजे खोकल्याचं औषध आहे का?" मामंजी म्हणायचे, "तू बघ तरी. मी असो धरतंय. खंय जातलो तो?" आणि खरंच ते असं धरायचे, दोन्ही हातांची मिठी घालून, की बघणाऱ्याला वाटावं, जगात याहून पक्की जागा नाही. तीच तर पंचाईत होती. मलाही कधी कधी वाटायचं, आपणच उगाच भितो की काय.

एकदा बाजारात भाजीवालीकडे लाल भोपळे आलेले बघितले. एक चांगला दांडगा होता. पोरगा माझ्या एका कडेवर होता. मी वाकले आणि तो भोपळा दुसऱ्या कडेवर उचलून घेतला. दोन्हीकडे सारखंच ओझं वाटलं.

"आख्खा?" भाजीवाली म्हणाली. "लगीन हाय का काय घरात?"

"लग्न नाही गं, परीक्षा आहे," मी म्हटलं.

रविवारी सकाळी टीव्हीवर पौराणिक मालिका लागायची. त्या वेळात मुलुंडच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. सगळी बिल्डिंग अंघोळ करून टीव्हीसमोर, काही जण तर टीव्हीला हळदकुंकू वाहून. मी नेमकी तीच वेळ धरली. मामंजींना म्हटलं, "मामंजी, तुम्ही जिंकलात तर मी पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही. सव्वीस तारखेला बाळ तुमच्या मांडीवर, पुढे. शब्द देते. पण आज माझ्याबरोबर यायचं."

"मालिका बुडतली," ते म्हणाले.

"बुडू दे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं आणि चपला घातल्या. ह्यांनाही उठवलं. धाकट्याला पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे सोडलं. मोठी मात्र हटून बसली, तिला हे बघायचंच होतं. तिने भोपळ्याला भावाचं झबलं आणि कानटोपी घातली होती, काजळाने डोळे काढले होते. कपाळाला तीटही लावली होती, दृष्ट लागू नये म्हणून. तो अवतार बघून मामंजींनासुद्धा हसू आवरेना. "आमच्या घराण्यातलोच दिसता," म्हणाले.

कारखान्यांच्या मागचा लांबलचक रस्ता रविवारचा ओस पडलेला होता. मामंजी नेहमीसारखे पुढे बसले. मी भोपळा त्यांच्या मांडीवर दिला. त्यांनी दोन्ही हातांचा विळखा घातला, बोटं बोटांत गुंतवली, हनुवटी कानटोपीवर टेकवली. "चलव," लेकाला म्हणाले. "यमाक सांग येवक."

मी आणि मोठी मागे मधोमध एकमेकींना चिकटून बसलो. ह्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, सायकलच्या वेगाहून थोडंच जास्त, आणि कधी दाबणार ते सांगायचं नाही. गाडी निघाली. एक कारखाना गेला, दुसरा गेला. मामंजी भोपळ्याला दाखवायला लागले, "तो बघ भोंगो, तो बघ..."

ह्यांनी ब्रेक दाबला.

धाड! भोपळा फळीवर आपटून उभा फुटला. कानटोपी काचेवर, बिया सगळीकडे, मामंजींच्या सदऱ्यावर, ह्यांच्या चष्म्यावर, गिअरच्या दांड्यावर. आम्ही दोघी पुढच्या सीटच्या पाठीवर गालांनी आदळलो आणि परत मागे. मोठी खिदळायला लागली. मीही हसायला लागले होते. हे ओरडत होते, "अगं माझा डॅशबोर्ड! वाट लागली सगळी!"

मामंजी हसत नव्हते.

त्यांचे दोन्ही पंजे समोरच्या फळीवर टेकलेले होते. तोल गेला तेव्हा स्वतःला सावरायला हात आपोआप पुढे गेले होते. कोणाचेही गेले असते. त्यांनी ते पंजे उचलले, उलटे करून बघितले. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. "हात सुटले गे," म्हणाले. "मी सोडूक नाय. आपसूक सुटले."

माझं हसू तिथेच विरलं. मला जिंकायचं होतं, पण असा चेहरा बघायचा नव्हता. मी पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सून म्हणून मी त्याआधी त्यांना कधी असा हात लावला नसेल, नमस्कार सोडून. "मामंजी, माझेही सुटले असते," मी म्हटलं. "यांचेही. कोणाचेच टिकत नाहीत हो."

त्यांनी खाली पडलेलं झबलं उचललं, त्यातल्या बिया झटकल्या आणि घडी घालून खिशात ठेवलं. मोठीने विचारलं, "आता याचं काय करायचं?"

"घारगे," मामंजी म्हणाले. "गूळ हा घरात?"

त्या दुपारी आम्ही एवढे घारगे तळले की बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरी ताटली गेली. काकूंनी विचारलं, "काय विशेष?" मी म्हटलं, "सहज." स्वयंपाकघरात गुळाचा वास, मोठी पिठात बरबटलेली, धाकटा गरम घारगा फुंकून फुंकून खातोय. हे खाली गाडीत तोंडात घारगा धरून सुईने गिअरच्या फटीतल्या बिया काढत होते, तो एक देखावाच होता. त्या दिवशी आमचं घर इतकं खूश होतं की मला अजून तळणीचा वास आला की तोच दिवस आठवतो. फक्त मामंजी गॅलरीत बसून होते. त्यांना तिथे ताटली नेऊन दिली तर म्हणाले, "झ्याक झालेत," पण खाल्ले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघाले तर ते खाली गाडीत बसलेले. मागे. दार उघडं ठेवून. मला हाक मारली, "सूनबाय, नातवाक हाड बघू."

मी धावत वर जाऊन पोराला आणलं. त्यांनी त्याला मधोमध ठेवलं, आपण त्याच्या शेजारी सरकले, एक हात त्याच्या पोटावरून घेतला. पोरगा दोन मिनिटं कुरकुरला, मग आजोबांच्या टोपीशी खेळायला लागला. त्याला आजोबा हवे होते हो, पुढची सीट कुठे हवी होती! एवढे दिवस आम्ही भांडत होतो आणि हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"हय बरा हा," मामंजी म्हणाले. "पुढे आता तू बस."

"अयाबया! मी?"

"मग कोण? शीट रिकामी ठेवतलास?"

तेव्हापासून मी पुढे बसायला लागले. खोटं कशाला बोलू, मजा यायची. समोर मोकळा रस्ता, अंगावर वारा, शेजारी नवरा. मागून आजोबा-नातवाचं "तो बघ ट्रक" चालू. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण ह्यांच्या शेजारी बसून आपण कुठेतरी निघालोय असं पहिल्यांदाच वाटत होतं. हेही लाडात येऊन सिग्नलला आता आरशातून नाही, थेट वळून बघायचे.

पण सव्वीस तारीख जवळ आली तशी मी मनात चित्र रंगवायला लागले. चाळीसमोर गाडी थांबणार, पुढे कोण? सून, पदर उडवत. मागे कोण? म्हातारा. जिन्यातल्या त्या बायका काय म्हणणार ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. सांगितलं नव्हतं तुला? टाकला ना मागे! मामंजींनी इतकी वर्षं जे खोटं पाडायचं म्हणून वाट बघितली, तेच मी खरं करून दाखवणार होते, आणि तेही माझ्याच हट्टापायी.

आदल्या संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "मामंजी, टेकडीच्या पायथ्याशी आपण गाडी थांबवू. तिथून वर काय, माणूस चालेल त्याच वेगाने जायचं. तेवढ्यापुरते तुम्ही बाळाला घेऊन पुढे बसा."

त्यांनी मान हलवली. "नाय."

"अहो, पण लोक..."

"नाय म्हटलंय ना," म्हणाले आणि आत निघून गेले. मला वाटलं, रागावले. रात्री मला धड झोप नाही.

सव्वीसला ते पहाटेच उठून तयार. नवा सदरा, टोपीला इस्त्री. मी मुद्दाम मागे बसायला गेले तर त्यांनी दार धरून ठेवलं आणि पुढे बोट दाखवलं. मी निमूट पुढे बसले. मुलुंड सुटलं, भांडुप गेलं, विक्रोळी गेली. मागे मोठी, मध्ये धाकटा, पलीकडे मामंजी. आज ट्रक नाही, बैल नाही. ह्यांनी दोनदा घसा खाकरला. घाटकोपर आलं, गाडी टेकडीच्या रस्त्याला वळली, वरून लाउडस्पीकर ऐकू यायला लागला. पहिल्या चढाशी मामंजी म्हणाले, "थांबव."

गाडी थांबली. मी मनात म्हटलं, आता बदलणार, आणि बदलू दे, एवढ्या चढाला काय होतंय. मी माझं दार उघडून एक पाय खालीसुद्धा टाकला. मामंजी उतरले, पुढे आले आणि म्हणाले, "तू खंय उतरतंस? बस थयच."

त्यांनी मागचं दार उघडून धाकट्याला बाहेर घेतलं, त्याची कानटोपी नीट केली आणि उचलून सरळ खांद्यावर बसवला. पोरगा त्यांच्या टोपीला धरून ओरडला, आनंदाने. मामंजींनी त्याचे दोन्ही पाय छातीशी पकडले आणि चढाला लागले, रस्त्याच्या अगदी मधून. मागे न बघता लेकाला म्हणाले, "ये माझ्या मागसून. दमान ये."

हे पहिल्या गिअरमध्ये गाडी रांगवत निघाले. पुढे म्हातारा, त्याच्या खांद्यावर नातू हात हलवतोय, मागे आमची गाडी घुरघुरत. मोठी सीटवर उड्या मारायला लागली, तिला दटावायचंही मला सुचलं नाही. पहिल्या वळणावर पोरं धावत आली. दुसऱ्या वळणावर कोणीतरी ओरडलं, "अरे, आमचो म्हातारो इलो!" चाळीतून माणसं बाहेर यायला लागली. ह्यांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

चाळीच्या तोंडाशी त्या बायका उभ्या होत्याच. त्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या, सगळ्यात फटकळ बाईने कमरेवर हात ठेवून विचारलं, "काय रे, चलत इलंस? लेकान गाडी घेतल्यान म्हणतत, आणि तुका तेच्यात जागा नाय गावली?"

माझ्या दाराची काच खाली होती. मला सगळं ऐकू येत होतं. मी मांडीवरचं पूजेचं ताट घट्ट धरलं.

मामंजी थांबले. धापा टाकत होते, पण चेहरा असा फुललेला मी त्यांचा आधी कधी बघितला नव्हता.

"गाडी मागसून येता," ते म्हणाले. "आदी ह्येका बघ, माझो नातू. आणि ती पुढच्या शिटार बसली हा ना, थय मी बसवलंय तिका. ती माझी सून."